मामाची बस आणि बेव्यूची रात्र

"ह्या गांवांत दीस उजवाडना व्हय रे?" मामाने माझ्या खांद्यावरून संगणकाकडे पाहत हा प्रश्न विचारला, तेव्हा २००५ सालचा पावसाळा चालू होता, मी अकरावीत होतो आणि फोंड्याच्या आमच्या घरातल्या फुगीर काचेच्या मॉनिटरवर बेव्यू नावाच्या काल्पनिक शहरात माझी होंडा सिव्हिक पळवत होतो. प्रश्न रास्त होता. 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २' या गेममधल्या शहरात सूर्य कधीच उगवत नाही. रस्ते नुकतीच सर येऊन गेल्यासारखे ओले असतात आणि दुकानांच्या पाट्यांचे लाल-निळे रंग त्यांवर सांडलेले असतात. मामा फोंडा–पणजी मार्गावर स्वतःची खासगी बस चालवत असे आणि त्याचा दिवस पहाटे पाचच्या आधी सुरू होई, त्यामुळे पहाटच न होणारे गाव त्याला पटणे शक्यच नव्हते. त्या दिवशी मात्र बस दुरुस्तीला लागली होती, म्हणून तो दुपारी घरी होता, आणि पुढच्या तासाभरात त्याने या गेमविषयी जे ओळखले, ते माझ्या वर्गातल्या कोणाच्याही ध्यानात आलेले नव्हते.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. नीड फॉर स्पीड ही मालिका १९९४ मध्ये सुरू झाली आणि पहिली काही वर्षे तिचा सगळा तोरा लॅम्बोर्गिनी, फेरारी, पोर्श अशा गाड्यांवर होता; लखलखीत ऊन, रिकामे रस्ते आणि काही भागांत पाठीवर पोलीस, असा तो मामला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये आलेल्या 'अंडरग्राउंड'ने हा सगळा थाट मोडीत काढला. कॅनडातील व्हँकुव्हर येथील ईए ब्लॅक बॉक्स या चमूने पोलीस काढून टाकले, दिवस काढून टाकला, आणि लॅम्बोर्गिनीच्या जागी सिव्हिक, गोल्फ, फोर्ड फोकस अशा, म्हणजे परदेशात का होईना पण एखाद्या नोकरदाराच्या दारात उभ्या असू शकतील अशा गाड्या आणल्या. वर्षभराने आलेल्या दुसऱ्या भागात संपूर्ण शहर मोकळे केले गेले: शर्यती यादीतून निवडायच्या नाहीत, तर गाडी घेऊन हिंडत शोधायच्या. दुकानेसुद्धा तशीच. काही आधीपासून नकाशावर असतात, बाकीची एखाद्या गल्लीच्या टोकाला रंगीत उजेड दिसला म्हणून आत शिरल्यावर सापडतात आणि मगच नकाशावर उमटतात. कथानक नाममात्र आहे. नायकाची स्कायलाइन गाडी कोणी तरी ठोकरते, तो नव्या शहरात येतो, रेचेल नावाची बाई त्याला हाताशी धरते, आणि केलेब नावाच्या माणसाचा हिशेब चुकता करायचा असतो. यापेक्षा जास्त तपशील मला तेव्हाही लक्षात ठेवावासा वाटला नाही.

आम्हा मुलांच्या दृष्टीने या गेमचा अर्थ एकच होता, तो म्हणजे वेग. बाजाराजवळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही पाळीपाळीने बसायचो, आणि कोणाची गाडी किती वेगाने गेली यावरून भांडायचो. रंगकाम, बंपर, स्पॉयलर, गाडीखालचे निऑन दिवे, कात्रीसारखी वर उघडणारी दारे, डिकीत बसवायचे स्पीकर, ही सगळी आमच्या लेखी वेळ काढण्याची कामे होती. पैसे उरले तर करायची. मामा मागे उभा राहून काही वेळ गप्प होता. मग त्याने पडद्याच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यांकडे बोट दाखवून ते काय आहे असे विचारले.

ते तारे म्हणजे गाडीच्या रूपाचे गुण. गाडीवर जितके काम कराल तितके तारे वाढतात, जास्तीत जास्त दहापर्यंत. तारे वाढले की कोणत्या तरी मासिकाच्या मुखपृष्ठासाठी गाडीचे छायाचित्र काढायचे आहे असा निरोप येतो. दिलेल्या वेळात ठरलेल्या जागी पोहोचायचे, गाडी कशी उभी करायची, बॉनेट उघडे ठेवायचे की बंद, दारे वर की खाली, हे ठरवायचे, आणि छायाचित्र निघाले की पैसे खात्यात जमा होतात. प्रायोजकांच्या काही करारांत तर शर्यतींच्या बरोबरीने मुखपृष्ठावर झळकण्याचीही अट असते. म्हणजे नुसते जिंकत राहिलात आणि गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवलीत, तर हा गेम तुम्हाला फार पुढे जाऊ देत नाही. मी हे त्रासिक सुरात सांगितले, कारण मला ती अडवणूक वाटत होती. मामाला त्यात अडवणुकीचे काहीच दिसले नाही. तो म्हणाला की तिकीट सगळ्या बसांचे सारखेच असते, मग माणूस माझ्याच बसमध्ये का चढेल?

हे वाक्य समजण्यासाठी त्या काळातला आमचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागेल. फोंड्याहून निघालेली बस फर्मागुडीची चढण चढून म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोम, बाणस्तारी असे करीत जुन्या गोव्यावरून पणजीला जात असे. कदंबच्या, म्हणजे सरकारी, गाड्या होत्याच, पण खासगी बसगाड्याही एकापाठोपाठ एक सुटत. भाडे सरकारने ठरवलेले, अंतर तेच, थांबे तेच, आणि वेगाने जाऊन फार तर दोन-तीन मिनिटे वाचणार. मग पुढच्या बसमधले उतारू आपल्याकडे खेचायचे कसे, याचे मामाच्या पिढीतल्या बसमालकांनी काढलेले उत्तर म्हणजे बसचे रूप. आत टेप आणि चार स्पीकर, चालकाच्या डोक्यावर देवाच्या तसबिरीभोवती फिरणारे रंगीत दिवे, आसनांना दर दोन वर्षांनी नवे रेक्झिन, मागच्या काचेवर रेडियमची नक्षी, आणि बाजूला लांबूनच ओळखू यावा असा रंग. कॉलेजची मुले विशिष्ट बससाठी पाच-दहा मिनिटे थांबत असत, हे मी स्वतः पाहिलेले आहे. ती मुले वेगासाठी थांबत नव्हती. मामाच्या बसला खाली गर्द निळा रंग, वर मोतिया आणि मधून केशरी पट्टा होता, आणि 'निळी-केशरी आली' असे थांब्यावर कोणी म्हटले की ती मामाचीच असे उतारू समजत. त्याच्या हिशेबात हेच त्याचे तारे होते.

म्हणूनच बेव्यूच्या रंगाच्या दुकानात शिरल्यावर माझ्यापेक्षा तोच अधिक रमला. रंग आधी, नक्षी नंतर, आणि नक्षीचे थर एकावर एक चढवायचे, हा क्रम त्याला ओळखीचा होता, कारण आमच्या भागातले पेंटर बस याच क्रमाने रंगवत. त्याने एकच हरकत घेतली. सगळे फिरून झाल्यावर त्याने काचेकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "सगळें केलां, पूण देवाचें नांव खंय?" त्याच्या बसच्या पुढच्या काचेवर 'श्री मंगेश प्रसन्न' ही अक्षरे होती आणि त्यांच्याशिवाय बस रस्त्यावर आणण्याचा विचारही त्याला सुचला नसता. मी त्याला समजावले की इथे तयार चिकटचित्रे भरपूर आहेत, ज्वाळा आहेत, सुटे भाग बनविणाऱ्या कंपन्यांची बोधचिन्हे आहेत, पण आपली अक्षरे आपण लिहायची सोय नाही. त्याला ही मोठीच उणीव वाटली, आणि आज विचार करता मलाही वाटते. दुसऱ्यांच्या कंपन्यांची नावे अंगभर मिरवायला मिळतात आणि स्वतःचे एक नाव लिहिता येत नाही, अशी सजावट अर्धीच म्हणायची.

सजावटीविषयी बोलताना नरकासुराचा उल्लेख केल्याशिवाय गोव्यातल्या माणसाला राहवणार नाही. दिवाळीत चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर उभे राहणारे ते अवाढव्य पुतळे, त्यांच्या पायाशी लावलेल्या रंगीत नळ्या, डोळ्यांत उघडझाप करणारे दिवे, आणि शेजारी रचलेली स्पीकरांची भिंत, हे सगळे बनविणारी मुले आमच्याच वयाची असत, आणि पहाटे जे जाळायचेच आहे त्याच्यावर ती महिनाभराची वर्गणी घालत. मी त्या मंडळात होतो. सिव्हिकच्या खाली जांभळा निऑन बसवला तेव्हा हा उजेड मी कुठे तरी पाहिलेला आहे असे मला सारखे वाटत होते, आणि तो कुठला हे मला ऑक्टोबर उजाडल्यावर कळले. स्पर्धेचे परीक्षक वाड्यावाड्यांवर गाडीने फिरून गुण देत, आणि त्यात पुतळ्याच्या उंचीपेक्षा 'फिनिशिंग'ला अधिक गुण मिळतात अशी आमच्यात समजूत होती. ती खरी होती की नाही कोण जाणे, कारण आम्ही कधीच जिंकलो नाही.

मात्र मामाला खरी गोडी लागली ती दुसऱ्याच एका दालनात. गेमच्या या भागात 'डायनो' नावाची सोय आहे, आणि शर्यतीच्या गेममध्ये इतकी गंभीर यंत्रविद्या तेव्हा मी तरी पाहिलेली नव्हती. डायनो म्हणजे डायनामोमीटर. गाडी जागच्या जागी उभी करून तिची चाके रोलरवर ठेवतात आणि चाके तो रोलर किती जोराने फिरवतात हे मोजतात. त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कळतो, आणि टॉर्कला फेऱ्यांच्या वेगाने गुणले की शक्ती कळते. समजा, इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर त्या क्षणी त्याची शक्ती सुमारे ६३ किलोवॅट, म्हणजे ८४ अश्वशक्तीच्या आसपास असते. गेममध्ये याचा आलेख पडद्यावर उमटतो, आणि मग सस्पेन्शन, ब्रेक, टायर, टर्बो, गिअर अशा एकेका गोष्टीची पट्टी डावी-उजवीकडे सरकवून पुन्हा चाचणी घेता येते. आम्ही मुले या दालनात कधी शिरलोच नव्हतो, कारण तिथे शर्यत नव्हती.

मामाने 'फायनल ड्राइव्ह' या पट्टीवर माझा हात थांबवला. ते काय असते हे मी मदतीच्या ओळीतून वाचून सांगू लागलो, तेव्हा तो अर्ध्यातच म्हणाला, "हें क्राऊन-पिनियन मरे!" आणि मग जमिनीवर बसून त्याने मला जे शिकवले ते मी भौतिकशास्त्राच्या तासालाही शिकलो नव्हतो. बसच्या मागच्या आसात एक मोठे दातेरी चाक असते, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याला फिरवणारे लहान चाक म्हणजे पिनियन. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० दात असतील, तर पिनियन ४.१ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. हे प्रमाण वाढवले की चाकाला जोर अधिक मिळतो, गाडी चढण सहज चढते, थांब्यावरून झटकन उठते. पण तितक्याच फेऱ्यांत चाक कमी फिरत असल्याने सपाटीवरचा कमाल वेग घटतो आणि इंजिन ओरडत राहते. प्रमाण कमी केले की नेमके उलटे. सिव्हिकसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच चाक गिअरपेटीला जोडून पुढेच असते, इतकाच फरक. फर्मागुडीच्या चढणीवर उभ्या उतारूंसह भरलेली बस दुसऱ्या गिअरवर न थांबता जायला हवी, आणि बाणस्तारीनंतर सपाटीवर ती रखडताही कामा नये, ही ओढाताण त्याने वर्षानुवर्षे अनुभवली होती; मेस्त्रीशी त्याचे वाद याच आकड्यांवरून होत.

मी पट्टी जोराच्या बाजूला सरकवली. बेव्यूच्या जॅक्सन हाइट्स या डोंगराळ भागात, जिथे रस्ता बंगल्यांमधून गरागरा वळत वर चढतो, तिथे माझी सिव्हिक प्रत्येक मोडणीतून अशी सुटू लागली की गेले दोन आठवडे जी शर्यत मी हरत होतो ती पहिल्याच फेरीत हातात आली. त्याच आनंदात मी महामार्गावरची शर्यत घेतली आणि सपशेल हरलो, कारण तिथे गाडी शेवटच्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांच्या टोकाला जाऊन अडकत होती आणि मागून येणारे निवांत पुढे जात होते. मामा हसला नाही. तो म्हणाला की एकाच क्राऊनवर अनमोडचा घाट आणि पणजीचा बायपास दोन्ही मागायचे नसतात. गेम बनविणाऱ्यांनाही हे ठाऊक असावे, कारण प्रत्येक प्रकारच्या शर्यतीसाठी वेगळी मांडणी जतन करण्याची सोय त्यांनी दिली आहे. बसला ती चैन नसते.

गेममध्ये गाडीला काही क्षण जादा वेग देणाऱ्या नायट्रसविषयी मात्र त्याने फार उत्सुकता दाखवली नाही. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. इंजिनाच्या उष्णतेत त्याचे विघटन होऊन जादा प्राणवायू मिळतो आणि त्या जोरावर जादा इंधन जाळता येते, एवढेच त्याचे रहस्य आहे. पहिल्या भागात तो शर्यतीपुरता मोजून मिळे, तर दुसऱ्या भागात सफाईने वळण घेतले, गाडी तिरपी सरकवली, की टाकी पुन्हा भरू लागते. चांगले चालवल्याबद्दल इंधन मिळणारा हा एकच रस्ता जगात आहे, असे मामाचे म्हणणे पडले.

या गेमचे कौतुक करताना त्याचे दोषही सांगायला हवेत. प्रतिस्पर्ध्यांना कितीही मागे टाकले तरी शेवटच्या फेरीत ते रबराने ओढल्यासारखे पाठीशी येतात, आणि त्यामुळे आधीच्या फेऱ्यांतले कष्ट फुकट गेल्यासारखे वाटते. गाडी भिंतीवर आपटली तरी तिला ओरखडाही पडत नाही. फक्त ड्रॅगच्या सरळ शर्यतीत समोरच्या गाडीवर आदळलात किंवा इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेबाहेर नेऊन ते जाळलेत, तर खेळ तिथेच संपतो. शहरात जागोजागी खऱ्याखुऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आहेत. हमर आणि एस्कलेडसारखी धूडे शर्यतीत उतरवण्याची कल्पना कोणाची होती हे मला अजून उमगलेले नाही; त्यांच्या त्या शर्यती पाहताना खाणीचे टिपर आठवत. २००५ च्या अखेरीस आलेल्या 'मोस्ट वाँटेड'ने उजेड आणि पोलीस परत आणले, तो गेम म्हणून अधिक घट्ट बांधलेलाही होता, पण त्यात निऑन नव्हता, डिकीतले स्पीकर नव्हते, आणि सजावट पुन्हा एकदा हौसेपुरती उरली. माझा जीव त्यात रमला नाही.

आपल्याकडच्या खऱ्या रस्त्यावर यातले जवळजवळ काहीच चालत नाही, आणि ते योग्यच आहे असे मी म्हणेन. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. काचांवरच्या काळ्या फिल्मवर त्याच न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे भोंगे नियमांत बसत नाहीत. मामाच्या बसला तसा एक होता, आणि तो काढावा लागला तेव्हा त्याने आठवडाभर कोणाशी धड बोलणे केले नव्हते. परवानगीवाचून रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रात्री उशिरा पुलांवर दुचाकी पिळणारी मुले दिसतात तेव्हा माझ्या मनात बेव्यू येत नाही. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र येते. खासगी बसगाड्यांची उतारूंसाठी चालणारी शर्यतही काही निरागस नव्हती, हे मामाच्या देखत बोललो नाही तरी इथे लिहायला हवे. बाणस्तारीच्या अलीकडे एकमेकांना मागे टाकताना या बसगाड्या ज्या रीतीने चालत, त्याला सफाईचे गुण कोणी दिले नसते.

मामाने बस विकून आता बरीच वर्षे झाली. या चवथीच्या सुटीत मी लॅपटॉपवर तो गेम पुन्हा चालवून पाहिला; रुंद पडद्यावर तो नीट बसवायला थोडी खटपट करावी लागली, पण चालला. या वेळी मी टोयोटाची जुनी कोरोला घेतली आहे आणि शर्यतींपेक्षा दुकानांतच जास्त वेळ घालवतो आहे. खाली गर्द निळा, वर जमेल तितका मोतियाच्या जवळचा पांढरा, आणि त्यावर एका आडव्या नक्षीला केशरी रंग देऊन पट्टा साधला आहे. गाडी सहा ताऱ्यांवर आली आहे. मामाच्या बसवर तो पट्टा दाराशी जिथे तुटत असे, तिथे पेंटर एक लहानशी समई काढत असे. चिकटचित्रांच्या यादीत ज्वाळा पुष्कळ आहेत, पण समईच्या ज्योतीइतकी स्थिर एकही सापडली नाही, म्हणून दारावरची ती जागा मी सध्या मोकळीच ठेवली आहे.